पोदेर आला की

सत्यवतीला विडीची जेवढी किळस होती तेवढी पाली-झुरळांचीही नव्हती. झुरळाला निदान चपलेने मारता येतं. विडी मात्र तिच्या आधीपासून त्या घरात नांदत होती आणि मरायचं नाव घेत नव्हती. नवऱ्याच्या मिशीला तिचा वास, उशीच्या अभ्र्याला वास, चतुर्थीला म्हणून कपाटातून काढलेल्या नव्या सदऱ्यालाही वास. जास्वंदीच्या कुंडीत थोटकं, न्हाणीच्या उंबऱ्यावर राख. आणि सकाळी मागच्या दारी उभं राहून तो जो खाकरायचा, ते तर विचारूच नका. गोकुळदास खाकरायला लागला की उकळत्या चहात कुणीतरी थुंकतंय असं तिला वाटे, आणि ती चहावर झाकण ठेवी.

"मनांत हाडूंक जाय," मनात आणायला हवं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "मनांत हाडलें जाल्यार माणूस कितेंय सोडटा. ही तर विडी." दाखल्याला तिचा बाप असे. तो पेडण्याचा. आयुष्यभर तपकीर ओढली, एके दिवशी डबी विहिरीमागच्या गवतात भिरकावली आणि मरेपर्यंत पुन्हा चिमूट घेतली नाही. तिच्या भावाचं म्हणणं होतं की बाबांनी ती डबी त्याच संध्याकाळी गवतातून शोधून आणली होती. पण भावाला कोण विचारतो?

गोकुळदास मये गावचा. जन्म तळ्याच्या वरच्या अंगाला, शिक्षण जेमतेम, आणि मिसरूड फुटल्यापासून टिपरवर. पाळी गावच्या खाणीवरून लाल माती भरायची आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायची. टिपर चालवतो म्हणजे हा माणूस दिवसभर गाडी हाकतो, असं बाहेरच्यांना वाटतं. टिपरवाल्याचं अर्धं आयुष्य रांगेत उभं राहण्यात जातं. भरायला रांग, वजनाला रांग, ओतायला रांग. रांग थांबली की इंजिन बंद, आणि इंजिन बंद झालं की विडी चालू. पुढची गाडी हलली की थोटूक खिडकीबाहेर. किल्ली डावीकडे फिरवली की उजवा हात आपोआप खिशात जायचा, हे त्याला स्वतःला कधी कळलंही नाही. थुंकी लाल, धूर निळा, आणि पोटात रांगेतलाच गाड्यावरचा बटाटवडा. असं सगळं तारुण्य गेलं.

मग खाणी बंद पडल्या. टिपर अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली जाऊन बसला. गोकुळदासने दुसऱ्याची पिकअप चालवली, लग्नाच्या मंडपाचं सामान वाहिलं, एक पावसाळा काहीच केलं नाही. रांगा गेल्या, विडी राहिली. ती आता घरी आली आणि तिने घरातली एक वेळ पक्की धरली. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, येतो ती.

पोदेर बस्त्यांव सायकलवर मोठी टोपली बांधून, प्लास्टिकखाली पाव, कोंड्याच्या पोयी आणि बांगडीसारखी कडक काकणं झाकून वाड्यावर यायचा. वळणावरच त्याचा रबरी भोंगा वाजायचा, पोंक-पोंक. तेव्हा गोकुळदास दारापुढच्या सोप्यावर, म्हणजे दरवाजाच्या दोन्ही अंगांना असतो त्या सिमेंटच्या बाकावर, बसलेला असे. पुढ्यात चहा. पोंक-पोंक ऐकलं की विडी पेटायची. ती तोंडात धरून तो फाटकाशी जायचा. पलीकडून शेजारी दत्ताराम यायचा, वीज खात्यातून निवृत्त झालेला, तोही धूर सोडत. दोघं पोदेराच्या टोपलीवर वाकून असे काही पाव निवडायचे की जणू सोयरीक जुळवतायत. सत्यवती दारातून ओरडायची, "राख पडटली पावार!" पडायचीच. ती पोयी झटकून घ्यायची आणि वरचा पापुद्रा सोलून कोंबड्यांना टाकायची. एवढं झालं की गोकुळदास परसातल्या संडासात जायचा. विडीशिवाय पोट साफ होत नाही हा त्याचा सिद्धांत होता, आणि त्या सिद्धांताचा वास संडासाच्या झरोक्यातून तुळशीपर्यंत यायचा.

घरात विडी ओढायला मात्र त्याला बंदी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी तो विडी पेटवायला चुलीशी येऊन वाकला होता आणि राख पेजेच्या तपेल्यात पडली होती. सत्यवतीने ती पेज तशीच गोठ्यात नेऊन ओतली आणि नव्या नवरीचा संकोच न बाळगता सांगितलं की विडी घेऊन रांधपाच्या कुडीचा, स्वयंपाकघराचा, उंबरा ओलांडायचा नाही, काय हवं नको ते बाहेर सोप्यावर मिळेल. गोकुळदासने मान डोलावली. त्याने तो शब्द आयुष्यभर पाळला आणि तिनेही पाळला.

मग उजव्या पायाचं बोट काळं पडलं.

आधी नुसतं दुखायचं. चालताना पोटरीत पेटका यायचा, जरा थांबलं की जायचा. गोकुळदासने तेल चोळलं, निरगुडीचा पाला बांधला, वाळपईहून कुणाच्या तरी ओळखीने काढा आणला. करंगळीशेजारचं बोट निळं झालं, मग काळं झालं, आणि एके दिवशी त्यातून पाणी यायला लागलं. तो वास सत्यवतीला पहिले दोन दिवस विडीचाच वाटला. ती उशी धुवत बसली. तिसऱ्यांदा उशी धुताना तिच्या लक्षात आलं की वास पायथ्याकडून येतोय.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने पाय दाबून पाहिला, घोट्याशी नाडी शोधली, आणि आढेवेढे न घेता सांगितलं. तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत आल्या आहेत. हे बोट गेलं. विडी थांबली तर पाय राहील. एक जरी चालू राहिली तर पुढचं बोट, मग पाऊल, मग वर. विडी किंवा पाय, दोन्ही मिळणार नाहीत.

त्यातही वेळ अशी की पाळीच्या बाजूला खाणीचं काम पुन्हा हलू लागलं होतं. गोकुळदासचा जुना सोबती भिकाजी, जो आता दुसऱ्याच्या चार टिपरांवर देखरेख करायचा, त्याला इस्पितळात भेटायला आला आणि म्हणाला, "पाय बरो करून यो. तुजे गाडयेक काम आसा." गोकुळदासच्या डोळ्यांत पाणी आलं. टिपरचा ब्रेक काय चीज असतो ते ज्याने दाबलाय त्याला ठाऊक. त्याला आख्खं पाऊल लागतं.

बोट कापलं. आणि काय आश्चर्य, इस्पितळात गोकुळदासने विडीची आठवणसुद्धा काढली नाही. सकाळी नर्स यायची, सुई टोचायची, ट्रॉलीवरून बेचव चहा यायचा. तो चहा पिऊन कूस बदलून झोपायचा. सत्यवती थक्क झाली. "पळयलें?" तो म्हणाला. "माका व्यसन नाशिल्लेंच. तुमीच उगीच बोबाटत आशिल्लीं."

घरी सोडण्याच्या आधी एक तरुण बाई येऊन बसली, तंबाखू सोडवण्याच्या विभागातली. ती म्हणाली, "इथे सुटली म्हणून सुटली असं समजू नका, काका. इथे तुमची विडीची वेळच नाही. घरी ती वेळ आहे, जागा आहे, सोबत आहे, हातातली वस्तू आहे. ते सगळं आठवून त्यातलं एकेक मोडा. आणि घरच्यांनीही आपापलं काय त्यात आहे ते बघा." गोकुळदासने मान डोलावली. मान डोलवण्यात तो पहिल्यापासून हुशार. सत्यवतीला मात्र राग आला. घरच्यांनी काय बघायचं? घरचे काय ओढतात? मनात आणलं की झालं, त्यात एवढं शास्त्र कसलं?

तरी तिने आपल्या परीने घर धुऊन काढलं होतं. सोप्यामागच्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्या उंचीला जो पिवळा डाग होता त्यावर चुन्याचे दोन हात मारले. थोटकं वेचताना तिला दोनदा ओकारी आली. सगळ्या सदऱ्यांचे खिसे उसवून काढले. राखेची करवंटी जाळली. गॅसला लायटर होताच, म्हणून घरातल्या काडेपेट्या उचलून शेजारच्या सुशीलाला, दत्तारामच्या बायकोला, देऊन टाकल्या. एक तेवढी देवघरात ठेवली. देवापुढे तो फटाक-फटाक लायटर तिला बरा वाटेना.

गोकुळदास घरी आला त्याच्या दुसऱ्या सकाळी तो सोप्यावर बसला, पाय स्टुलावर, स्वच्छ पांढऱ्या पट्टीत. हवा चांगली होती. तळ्याकडून गारवा येत होता. वळणावर वाजलं, पोंक-पोंक.

त्याचा हात छातीकडे गेला. तिथे खिसा नव्हता. बोटं कापडावर फिरली, पुन्हा फिरली. तोंडाला पाणी सुटलं, एवढं की त्याला गिळावं लागलं. कपाळावर घाम आला. सत्यवती दारातून बघत होती आणि तिला वाटलं, ह्याला चक्कर येतेय.

"कितें जालें तुमकां?"

"कांय ना. पोदेर आयलो," तो म्हणाला.

चार दिवस कसेबसे गेले असतील. पाचव्या-सहाव्या सकाळी तुळशीला पाणी घालताना तिच्या नाकात तोच वास गेला आणि पाठोपाठ झरोक्यातून निळी रेघ बाहेर आली. तिने संडासाच्या दारावर लाथ मारली. हो, लाथच. गोकुळदास काठी टेकत बाहेर आला तो पांढराफटक. पपईच्या झाडाला धरून तो तिथेच ओकला. चहा, पोयी, सगळं.

"बरी लागली?" तिने विचारलं.

"ना गो. शेणासारकी लागली."

"मगीर कित्याक ओडली?"

त्याने तोंड पुसलं आणि खरोखर विचार केला. "पोदेर आयलो म्हणून."

"पोदेर पाव घेवन येता, विडी न्हय!" सत्यवती किंचाळली. जो माणूस शेणासारखी लागणारी वस्तू ओकारी येईपर्यंत ओढतो आणि त्याचं खापर पाववाल्यावर फोडतो, त्याचं काय करायचं? तिने बादलीभर पाणी ओतून ती जागा धुतली. त्याच्याकडे पाठ करून धुतली. त्या क्षणी तिला तो माणूस नको होता, त्याचा पायही नको होता.

मुलगी गौरवी पणजीला नोकरी करायची. तिने फोनवर सगळं ऐकलं आणि थेट बस्त्यांवलाच फोन लावला. आमच्या दारापुढे भोंगा वाजवू नको. बस्त्यांव भला माणूस. "बाय, भोंगो नासतना पाव कोण घेतलो?" असं म्हणून पाहिलं, पण ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो दारावरून मुक्याने गेला आणि अर्धा वाडा पावाविना राहिला. लोक त्याच्यावर तुटून पडले, तुझी आज रजा काय रे? शेवटी असं ठरलं की त्याने वळणावरच, आंब्याखाली थांबायचं आणि हळू एकदाच वाजवायचं. ज्याला हवा त्याने तिथे जावं. एका माणसाच्या विडीपायी आख्खा वाडा सकाळी सकाळी पायपीट करू लागला आणि नावं सत्यवतीला ठेवू लागला.

आणि विडी? ती चालूच होती. रोज एक. दिवसभरात दुसरी नाही, फक्त तीच.

"आतां कोण आयलो?" ती विचारी.

"च्या आयली," तो खाली मान घालून म्हणे.

विड्या कुठून येतात हे गुपित नव्हतं. टिपरवाले भेटायला येत, केळी आणत, आणि जाताना मित्राची कीव करून उशीखाली दोन-चार ठेवून जात. एकाच्या पायाला लागलेली आग दुसऱ्याला दिसत नाही, तसली ही मैत्री. सत्यवती उशी उचलून त्या चुरडी. चुरडताना तंबाखूचा चुरा नखांत जाई आणि जेवताना हाताला वास येई, मग तिचा घास तोंडाशी थांबे. पण सगळ्या सापडत नसत. तिला विड्यांचं कोडं नव्हतंच. कोडं होतं आगीचं. त्याचे कपडे झाडले, गादी उसवली, संडासाच्या छपराखाली हात घातला. काडेपेटी कुठेच नाही. पाय असा की सकाळी पानाच्या गाड्यापर्यंत जाणं शक्य नाही. मग पेटवतो कशाने? कुणीतरी देतंय. घराच्या आसपासचंच कुणीतरी.

आणि घराच्या आसपास ओढणारा एकच होता.

तिने मनात नक्की केलं आणि एका सकाळी आंब्याखाली, जिथे सगळा वाडा पिशव्या घेऊन बस्त्यांवच्या सायकलीभोवती जमलेला, तिथे दत्तारामला गाठलं. तो बिचारा उंडे, म्हणजे गोल पाव, मोजून घेत होता.

"तुमकां लज दिसना, भावजी?" ती म्हणाली. "सकाळीं उठून त्या माणसाक विडी पेटोवपाक उजो दितात?"

"हांव?" दत्तारामच्या हातातला उंडा तसाच राहिला. "कोणाक? कसलो उजो?"

"कोणाक म्हणून विचारतात! म्हज्या घोवाचो पाय तुमी खाल्लात. एक बोट खाल्लें, आतां आख्खो खातले. खायात. पावाबरोबर खायात!"

बस्त्यांवने उगीच प्लास्टिक सारखं केलं. दत्तारामचं तोंड काळवंडलं. त्याने उंडे परत टोपलीत ठेवले आणि तो घरी गेला. सत्यवती ताठ मानेने परतली. बरं झालं, तिला वाटलं. असल्या लोकांना चारचौघांतच झाडायला हवं. धुराने ज्याची जीभ करपली त्याला हळू बोललेलं कळत नाही.

दत्ताराम त्यानंतर फाटकाशी दिसेनासा झाला. विडी मात्र चालूच राहिली.

पट्टी बदलताना एके दिवशी सत्यवतीने पाय उजेडात धरला. कापलेल्या बोटाच्या बाजूचं बोट शेंड्याला निळं दिसत होतं. तोच वास, अजून बारीक, पण तोच. तिने गौरवीला बोलावून घेतलं. गौरवी संध्याकाळी गाडी घेऊन आली. सकाळी लवकर निघायचं ठरलं.

सकाळी गौरवी बाहेरच्या खोलीत केस विंचरत होती. समोर देवघर, पलीकडे स्वयंपाकघर. आईने देवापुढे दिवा लावला. काडी विझवून टाकली. उठली ती स्वयंपाकघरात गेली, चहा गाळला, कप बशीत ठेवला, आणि दुसऱ्या हातातली काडेपेटी कपाच्या कानाशी बशीत ठेवली. वळणावर बस्त्यांवचा एकुलता भोंगा वाजला. आई चहा घेऊन सोप्याकडे निघाली.

"आई," गौरवी म्हणाली, "ती पेटी खंय व्हरता तूं?"

"खंयची पेटी?"

"बशींत आसा ती."

सत्यवतीने खाली पाहिलं. बशीत काडेपेटी होती. तिने ती तिथे ठेवल्याचं तिला आठवत नव्हतं. काल ठेवल्याचंही आठवत नव्हतं. परवाचं विचारण्यात अर्थ नव्हता. आठवलं ते फार जुनं. पेजेत पडलेली राख, आणि काय हवं नको ते बाहेर मिळेल असा तिनेच घातलेला दंडक. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर आग बाहेर गेली होती, म्हणजे तो मेला विडीचा दर्प आत येऊ नये. कप आणायला गेली की बशीतली पेटी ती तशीच उचलून पुन्हा देवासमोर ठेवायची. ध्यान दुधाकडे, नाहीतर नारळाकडे.

गोकुळदास सोप्यावरून सगळं ऐकत होता.

"बाबा," गौरवीचा आवाज चढला, "तुमकां पेटी आई दिता?"

"सदांच दिता," तो साधेपणाने म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "संडासांत व्हरतां आनी परत बशींत दवरतां. तोंडान गाळी घालता, हातान पेटी दिता. हांवें म्हटलें, एक विडी चलता आसतली तिका."

सत्यवतीने बशी खाली ठेवली. चहा सांडला. ती मागच्या दारी गेली आणि साबणाने हात धुवू लागली, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. बोटांना गंधकाचा वास येत होता. रोजच येत असणार. तो तिला देवाचा वास वाटायचा. गौरवी हाक मारायला आली तेव्हा तिची कातडी लाल झाली होती. इतकी वर्षं त्या माणसाची शिसारी बाळगण्यात गेली आणि घाण तिच्याच मुठीत होती.

इस्पितळात पाऊल अर्धं कापलं. डॉक्टर म्हणाला, टाच वाचली हे नशीब. भिकाजी एकदा येऊन गेला, केळी न आणता. टिपरचं नाव त्याने काढलं नाही आणि गोकुळदासनेही काढलं नाही.

मधल्या एका दिवशी कपडे न्यायला घरी आलेली सत्यवती दत्तारामच्या दारात जाऊन उभी राहिली. काय झालं ते तिने सांगितलं, खाली बघून, एका दमात. शेवटी सुशीलाच आतून म्हणाली, "काखेंत कळसो आनी गांवाक वळसो, वयनी. ह्यांणी तर तुमच्या घरच्यांक दिसूं नये म्हणून बाहेर येवपच सोडलें. फाटल्या दारांत, म्हशीच्या गोठ्याकडेन उबे रावून ओडटात." दत्ताराम अवघडून हसला. सत्यवतीला हसू आलं नाही. चारचौघांत झाडलेलं परत गोळा करता येत नाही, आणि हिला तर माफी मागायलाही आंब्याखाली सगळ्यांच्या देखत जाण्याचा धीर झाला नव्हता.

घरी परतल्यावर तिने देवघरातली शेवटची काडेपेटीही तळ्यात टाकली. देवाला लायटर तर लायटर. बस्त्यांवला निरोप धाडला की बाबा, वाजव तुझा भोंगा दारोदार, गावाला कशाला शिक्षा?

गोकुळदास आला, त्याच्या दुसऱ्या सकाळी सोप्यावर बसला. स्टुलावरच्या पट्टीला आता पुढचा भाग नव्हता. आतून सत्यवतीने चहा गाळला, कप बशीत ठेवला. वळणावर वाजलं, पोंक-पोंक.

तिचा उजवा हात उठला आणि देवघराच्या फळीकडे गेला. तिथे काही नव्हतं. बोटं पाटावर फिरली, समईमागे चाचपली, हळदकुंकवाच्या करंड्याला लागली, आणि तरीही थांबेनात. ती ते बघत होती. हात तिचा, बांगड्या तिच्या, आणि तिच्या मनात तर त्यातलं काहीच नव्हतं. तिने दुसऱ्या हाताने मनगट पकडलं तेव्हा कुठे तो खाली आला. मनात आणायला हवं म्हणे! तिला स्वतःचं ते वाक्य आठवलं आणि थुंकावंसं वाटलं.

दारातून गोकुळदासची पाठ दिसत होती. त्याचा हात उसवलेल्या खिशावरून फिरत होता.

ती चहा घेऊन बाहेर आली. त्याने आधी बशीत पाहिलं, मग तिच्याकडे.

"पेटी ना," ती म्हणाली. "हात मात्र गेल्लो."

तोंडाला सुटलेलं पाणी त्याने गिळलं. भोंगा फाटकाशी आला. सत्यवती आयुष्यात पहिल्यांदा सकाळच्या वेळी सोप्यावर त्याच्या शेजारी बसली, आणि तिने आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला. बस्त्यांव पुन्हा पुन्हा पोंक-पोंक करत राहिला, वाट बघून पुढे गेला, वळणाआड गेला, तोवर तिने हात काढला नाही. त्या सकाळी पाव घ्यायला दोघांतलं कुणीच उठलं नाही.